घोटाघोटाने क्वार्टर

आधी एक गणित. आठ मित्र जमले. प्रत्येकाने येताना अर्ध्या लिटरची एक बाटली आणली. सगळ्यांनी सगळ्या बाटल्यांमधलं थोडं-थोडं चाखायचं ठरलं. प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं? अर्धा लिटर. आता आठाऐवजी बारा जण बोलवा, प्रत्येकाची एक बाटली. वाट्याला किती? अर्धा लिटरच. वीस बोलवा, तरी तेच. माणसं वाढली की प्रत्येकाला कमी येईल असं आपल्याला उगाच वाटत राहतं. ‘ज्याने-त्याने एक आणा’ हा नियम असला, की प्रत्येकजण एक अख्खी बाटली संपवूनच घरी जातो. फक्त ती वीस वेगवेगळ्या बाटल्यांमधून गोळा झालेली असते, त्यामुळे दिसत नाही.

बाटलीत ताक असतं तर प्रश्नच नव्हता. पण माझ्या मावसबहिणीने डिसेंबरातल्या एका शनिवारसाठी जो बेत आखलाय, त्यातल्या बाटल्यांमध्ये बॅरल-एज्ड स्टाउट आहे. म्हणजे काळी, दाट, लाकडी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली बिअर. बिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाच टक्क्यांची बाटली येते, ‘स्ट्राँग’ असली तर फार तर आठ टक्क्यांपर्यंतची. हिच्यात अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असतं. अर्धा लिटर गुणिले १४ टक्के म्हणजे ७० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आणि आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, तिच्यात असतं ७७ मिलिलिटर. छोट्या-छोट्या ग्लासांतून, वास घेत, ‘यात मला मनुका जाणवतोय’ वगैरे म्हणत, एका संध्याकाळी प्रत्येकजण जवळजवळ एक क्वार्टर रिचवणार. आणि याला म्हणायचं टेस्टिंग!

ताई शिकागोला असते. तिथेच एमएस केलं, तिथेच नोकरी लागली. तिच्या ग्रुपमध्ये आठ जण आहेत, त्यातले पाच मराठी. ‘तू लिहितेस ना, मग मार्क द्यायचे कागद तू बनव,’ असं म्हणून तिने मला त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. इंटर्नशिपमध्ये वरिष्ठांची कॉपी तपासून-तपासून मला कुठलाही कागद दिसला की आकडे पडताळायची सवय लागलीय. इथेही तेच केलं आणि गेले तीन आठवडे त्या ग्रुपवर माझं नाव ‘अबकारी खातं’ आहे. पडू दे. ही बिअर मी चाखलेली नाही आणि तिच्या चवीची शिफारस करायला हा लेख नाही. माझा मुद्दा ‘टेस्टिंग’ या शब्दाबद्दल आहे. तो शब्द वापरायचा असेल तर पहिली बाटली उघडायच्या आधी शेवटचा थेंब किती हे ठरलेलं पाहिजे. नाहीतर ते नेहमीचं ‘बसणं’ आहे, फक्त ग्लास महागाचे.

बेत शिकागोत आहे हे मात्र अगदी योग्य, कारण या बिअरचं कूळ तिथलंच. जॉन हॉल नावाच्या गृहस्थांनी १९८८ मध्ये तिथे गूस आयलंड नावाची छोटी ब्रुअरी काढली. त्यांचा मुलगा ग्रेग तिथे बिअर बनवायचा. जिम बीम या बर्बन व्हिस्की बनवणाऱ्या घराण्यातले बुकर नो त्याला एका कार्यक्रमात भेटले, आणि त्यातून त्याच्या हाती व्हिस्की काढून घेतलेली सहा रिकामी पिंपं लागली. ब्रुअरीची हजारावी खेप साजरी करायची होती. ग्रेगने कडक स्टाउट बनवून त्या पिंपांमध्ये भरली. तीच बर्बन काउंटी स्टाउट. कंपनी म्हणते हे १९९२ मध्ये झालं. बिअरचा इतिहास लिहिणारे काही जण म्हणतात, नाही, १९९५. (तारखेवरून वाद घालणारे लोक फक्त आपल्याकडेच असतात असं नाही, हे वाचून बरं वाटलं.) आता दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती बाजारात येते आणि लोक थंडीत रांगा लावतात. २०११ मध्ये ही ब्रुअरी बड्या बिअर कंपनीने, अ‍ॅनहायझर-बुशने, विकत घेतली, तेव्हा ‘छोट्यांची बिअर’ म्हणून तिच्यावर जीव टाकणारे बरेच जण नाराज झाले. रांगा काही संपल्या नाहीत.

पिंपांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्याकोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. म्हणजे साधारण दोनशे लिटरचं एक पिंप एकदा वापरलं, की बर्बनवाल्याला त्याचा दुसऱ्यांदा उपयोग नाही. अशी हजारो पिंपं दरवर्षी रिकामी होतात. ती स्कॉटलंडला जातात, आपल्या बंगळुरूच्या अमृतची व्हिस्कीही बर्बनच्या जुन्या पिंपांमध्ये मुरते, आणि काही बिअरवाल्यांकडे येतात. जळलेल्या ओकमधून व्हॅनिलासारखा वास येतो, नारळासारखा येतो, करपवलेल्या साखरेसारखा येतो. शिवाय लाकडात मुरलेली व्हिस्की असतेच, ती हळूहळू बिअरमध्ये उतरते. आपल्याकडे लोणच्याची जुनी बरणी कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे तो वास हवा म्हणून मुद्दाम बरणी शोधून आणतात.

कडक स्टाउट त्याहून कितीतरी जुनी. अठराव्या शतकात लंडनच्या साऊथवर्क भागात थ्रेल नावाच्या माणसाची ब्रुअरी होती, तिथली कडक काळी बिअर रशियाच्या राजदरबारात जायची. म्हणून ‘इम्पिरियल’. थ्रेल वारल्यावर ब्रुअरी विकायच्या कामात त्याचा मित्र म्हणून कोण होता, तर इंग्रजी शब्दकोशवाला डॉ. सॅम्युअल जॉन्सन. आमच्या इंग्रजीच्या सरांनी हे कधी सांगितलं नाही. आणि बिअरबद्दल गंभीरपणे लिहायला सुरुवात करणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे मायकल जॅक्सन, १९७७ चं त्याचं जगभरच्या बिअरवरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. तो मायकल जॅक्सन नाही. हा यॉर्कशायरचा दाढीवाला पत्रकार.

तर एवढा इतिहास, एवढी मेहनत, एवढा वास. त्यापुढे ‘किती ग्रॅम’ असा प्रश्न विचारणं रसभंग करणारं वाटतं, मान्य आहे. ग्रुपवर मी पहिल्यांदा क्वार्टरचा हिशेब टाकला तेव्हा एकाने लिहिलं, ‘अगं, क्वार्टरशी काय तुलना करतेस? ही कला आहे.’

इथेच माझं भांडण सुरू होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक देशी दारूचं दुकान आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, बेवडा. तेवढंच अल्कोहोल पोटात घेऊन शिकागोतल्या फ्लॅटमधून बाहेर पडणाऱ्याला आपण रसिक म्हणणार, दर्दी म्हणणार. पहिल्याने चव घेतली नाही, दुसऱ्याने घेतली, हा फरक आहे, नाही असं नाही. पण तो फरक जिभेपुरता आहे. घशाखाली उतरल्यावर यकृत काही लेबल वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. त्यात ‘ओकच्या पिंपात मुरवलेलं सोडून’ असं कुठेही लिहिलेलं नाही. कला आहे म्हणता ना? मग कलेला शिस्त असते. तबल्याला बसल्यावर मात्रा मोजाव्या लागतात.

आणखी एक गैरसमज ग्रुपवरच सापडला. एकाने सुचवलं, ‘सुरुवातीला साधी गिनीज ठेवू नका, ती पण काळी, ती पण जड, आधीच चढेल.’ काळी म्हणजे कडक, हे कोणी शिकवलं कोण जाणे. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा असतो, अल्कोहोलचा नाही. नेहमीच्या ड्राफ्ट गिनीजमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे पिवळ्याधमक साध्या बिअरपेक्षाही बऱ्याचदा कमी. रंगावरून ताकद ओळखणारे तिथेच फसतात, कारण शेजारी ठेवलेली दुसरी तितकीच काळी बाटली तिप्पट कडक असते. म्हणून सुरुवातीला एक-एक घोट साधी स्टाउट ठेवायची, ही सूचना मात्र ग्रुपने मान्य केली. भाजलेल्या बार्लीची मूळ चव कुठली आणि पिंपाने दिलेली कुठली, हे त्याशिवाय कळायचं कसं?

आता मुख्य तह. माझं म्हणणं: आठ नाही, चारच बाटल्या उघडा. प्रत्येकीतून माणशी ६० मिलिलिटर. चार वेळा ६० म्हणजे २४०, त्यात अल्कोहोल साधारण ३४ मिलिलिटर, वजनात २६-२७ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात दहा ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे हे झाले अडीच पेगांहून थोडे जास्त. शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण सात-आठ ग्रॅम या गतीने काढून टाकतं, माणसागणिक कमी-जास्त. त्यात घाई करता येत नाही. कॉफी प्या, लिंबू पिळा, थंड पाण्याने आंघोळ करा, गती तीच. म्हणजे चार बाटल्यांचा हा ‘सोवळा’ बेतसुद्धा पूर्ण उतरायला तीन-चार तास घेणार. आठ बाटल्यांचा हिशेब तुम्हीच करा.

ताईचा लगेच फोन. ‘अगं, लोक थंडीत कुडकुडत रांगेत उभे राहून बाटल्या आणणारेत, आणि तू निम्म्या उघडू नका म्हणतेस?’

‘ताई, उरलेल्या चार मार्चमध्ये उघडा ना. ही बिअर अंधारात, गार जागी कित्येक वर्षं टिकते असं तुम्हीच सांगता.’

‘टिकते म्हणून काय सगळंच टिकवायचं? उद्या आंबट झाली तर?’

हा मुद्दा तिचा बरोबर होता, ते सांगायला हवं. बर्बन काउंटीच्याच २०१५ च्या काही बाटल्यांमध्ये नको ते जिवाणू शिरून बिअर आंबली होती आणि कंपनीने लोकांना पैसे परत दिले होते. तेव्हापासून ते ती पाश्चराइज करतात. पण आंबण्याच्या भीतीने एका रात्रीत सगळं संपवायचं, हे तर फ्रिज बंद पडलाय म्हणून आठ जणांनी घरातलं सगळं आईस्क्रीम संपवण्यासारखं झालं. अर्धा तास वाद झाला. शेवटी चार बाटल्यांवर तह झाला, पण एका अटीवर: कुठल्या चार, हे मी ठरवायचं नाही. ठीक आहे.

मुलींबद्दलचा मुद्दा मात्र मी सोडला नाही. ग्रुपमध्ये तिघी आहेत. सारखं वाटप म्हणजे समानता, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने कमी असतं, वजनही बहुधा कमी, त्यामुळे तेवढ्याच ग्लासाने तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त वाढतं. यात लाजण्यासारखं काय आहे? पण आपल्याकडच्या पार्ट्यांमध्ये ‘मुलांच्या बरोबरीने पिते’ हे कौतुक म्हणून सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांमध्ये मुलीच पुढे असतात. मला हे कौतुक कधीच कळलं नाही. बरोबरीने पगार मिळतोय का ते बघा आधी.

आपल्या ‘बसण्या’ची पद्धत आठवून बघा. वेळ रात्री नऊनंतरची. पोट रिकामं, कारण जेवण शेवटी. दार बंद, खोलीमालकाला कळू नये म्हणून आवाज कमी. कुणीतरी मोजतोय का? छे. मोजणारा म्हणजे कंजूष. ग्लास अर्धा ठेवणारा म्हणजे नाटकी. ‘एवढं संपव, मग ऊठ’ हे वाक्य तर प्रेमाने म्हटलं जातं. चव हा विषयच नाही. चव लागू नये म्हणून तर कोल्ड्रिंक ओततात. मी याकडे नाक मुरडून बघत नाही. चोरून करायची गोष्ट घाईत होते, घाईत केलेल्या गोष्टीत मोजमाप राहत नाही, इतकं साधं ते आहे.

म्हणून ताईच्या बेतातल्या तीन गोष्टी मला मनापासून आवडल्या, अबकारी खातं असूनही. पहिली, वेळ. दुपारी चार वाजता, भरपेट जेवण झाल्यावर. दुसरी, जागा. आधी एकाचं उपनगरातलं मोठं घर ठरलं होतं, तिथे गाडीशिवाय जाता येत नाही. ते रद्द करून ताईचा छोटा फ्लॅट ठरला, कारण तो रेड लाइनच्या स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि शिकागोची रेड लाइन रात्रभर चालते. बसायला जागा कमी पडेल, गाद्या घालू म्हणाली.

तिसरी गोष्ट म्हणजे पिकदाणी. टेबलावर मधोमध एक भांडं ठेवायचं. नको असलेलं त्यात ओतायचं, कोणी काही विचारायचं नाही. अमेरिकेत अशा टेस्टिंगला हे नेहमीचंच आहे म्हणे, पण आपल्या मराठी मंडळींना ते पचेना. ‘एवढी महागाची बिअर ओतून टाकायची?’ ताटात टाकू नये हा संस्कार आपल्या हाडात आहे आणि तो अन्नाला योग्यच आहे. दारूला तो लावला की मात्र संस्कार उलटा फिरतो. मला विचाराल तर या सगळ्या बेतातली सगळ्यात मोलाची वस्तू ते भांडं आहे. नको म्हणायला तिथे कारण द्यावं लागत नाही. ‘अँटिबायोटिक चालू आहे’, ‘उद्या चतुर्थी आहे’ असल्या थापा माराव्या लागत नाहीत. हॉस्टेलच्या खोलीत असं एक भांडं असतं तर कितीतरी उलट्या वाचल्या असत्या.

चखण्यावरून जे महाभारत झालं ते थोडक्यात सांगते. पहिल्या यादीत शेव, चकली, मसाला शेंगदाणे आणि कोल्हापूरहून आलेला लसणाचा चिवडा. १४ टक्क्यांच्या बिअरबरोबर तिखट खाल्लं की जीभ पेटते, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. मग व्हॅनिला, नारळ, चॉकलेट काही कळत नाही, आणि आग विझवायला पुढचा घोट लवकर जातो. ही बिअर घोटाघोटाने नाही, चमच्या-चमच्याने घ्यायच्या लायकीची. अखेर साधा पाव, बिनमिठाचे काजू, चीज आणि पाणी यावर एकमत झालं. शेंगदाण्याची चिक्की माझी सूचना. भाजलेले दाणे आणि करपट गूळ, दोन्ही त्या बिअरच्या वासाच्या घरातलेच. चिवडा टेस्टिंग संपल्यावर. बिअर बर्फासारखी गार करायची नाही, हेही ठरलं. गारठलेल्या बिअरला वास येत नाही, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची. ताईच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर तेव्हा उणे तापमान असेल, त्यामुळे ‘बाहेर’ म्हणजे घरातच, असं स्पष्ट लिहावं लागलं.

आणि आता आठवा माणूस. तो पंढरपूरकडचा, घरी वारी, गळ्यात तुळशीची माळ. पीत नाही. ग्रुपने त्याला पहिल्या दिवशीच काम देऊन टाकलं होतं: ‘तू ड्रायव्हर.’ न पिणाऱ्या मित्राची किंमत गाडीच्या किल्लीएवढी, ही सवय शिकागोलाही पोचलीय. हे मला फार खटकतं. चार तास बाकीचे हसणार, चर्चा करणार, आणि याने कोपऱ्यात बसून घड्याळ बघायचं? मग बोलावता कशाला, कॅब बोलवा. तो स्वतः काही बोलला नव्हता. ताईनेच जागा बदलली तेव्हा गाडीचा प्रश्न संपला आणि मग सगळ्यांना एकदम सुचेना की याला बोलवायचं कशासाठी. ही अडचण बरंच काही सांगून जाते.

गाडीवरून आठवलं, आणि हे हसत सांगण्यासारखं नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता आणि तो पबमधून दारू पिऊन निघाला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यानंतर काही दिवस आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. आता तोच कट्टा ‘एकच तर बिअर घेतली’ म्हणून किक मारतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, इलिनॉयमध्ये ८०. म्हणजे आपला कायदा कितीतरी कडक आहे. ताईच्या बेतातल्या अडीच पेगांवर इथे स्कूटर चालवणारा बऱ्याचदा त्या मर्यादेबाहेरच असेल, आणि तो शपथेवर सांगेल की त्याने फक्त टेस्टिंग केलं.

वयाचंही बोलू, कारण हे पान वाचणारे बरेच जण माझ्याहून लहान आहात. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ ची आहे, त्यापुढच्या दारूसाठी २५ ची. परवाना लागतो तो वेगळाच. मी २२ ची. म्हणजे कायद्याच्या लेखी मी सौम्य बिअरपुरतीच सज्ञान आहे, आणि ताईच्या टेबलावरच्या बाटल्या सौम्य या शब्दाच्या जवळपासही फिरकत नाहीत. मला हा २५ चा नियम थोडा विचित्र वाटतो. मत देता येतं, लग्न करता येतं, कर्ज घेता येतं आणि पेग मात्र नाही. पण नियम विचित्र आहे म्हणून मोजायचं नाही, असं काही त्यातून निघत नाही. उलट मला भीती वाटते ती पुढची. आपल्याकडे आता ‘फ्लाइट’, ‘पेअरिंग’, ‘टेस्टिंग’ हे शब्द मेन्यूकार्डावर दिसायला लागलेत. हे शब्द आले आणि त्यांच्याबरोबरची मोजमापाची शिस्त तिकडेच राहिली, तर आपल्याला फक्त जास्त पिण्याचं सभ्य नाव मिळेल.

बेताचं सगळ्यात गमतीचं अंग शेवटी ठरलं. टेस्टिंग झाकून करायचं. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून त्यावर एक ते चार आकडे टाकायचे, कुठली कुठल्या ब्रुअरीची हे पिणाऱ्यांना कळता कामा नये. नाहीतर नाव मोठं की मार्क जास्त, हे ठरलेलं. मी बनवलेल्या कागदावर रंग, वास, चव, शेवटी तोंडात काय उरतं असे चार रकाने आहेत, आणि ताईच्या हट्टावरून पाचवा, ‘कशाची आठवण आली’. पण झाकायचं तर ओतणारा वेगळा हवा. कुठल्या आकड्यात काय आहे हे फक्त त्याला माहीत, प्रत्येकाला बरोबर ६० मिलिलिटर मोजून देणार तो, आणि पहिल्या ग्लासापासून शेवटच्यापर्यंत त्याचा हात आणि डोकं सारखंच चाललं पाहिजे. असा माणूस ग्रुपमध्ये एकच निघाला.

त्याने दोन अटी घातल्यात. त्याच्यासाठी चार वेगवेगळ्या कॉफ्या हव्यात, त्याही झाकून, आणि त्यांना मार्क द्यायला त्यालाही कागद हवा. दुसरी अट, मोजायचा पेला त्याच्या हातात आला की त्याच्याशी कोणी हुज्जत घालायची नाही. पहिली मान्य झाली. दुसरीवर काल रात्री उशिरापर्यंत चर्चा चालू होती. ताईने गुपचूप त्याला मेसेज करून, आठवडाभर आधी, तिची आवडती बाटली कुठल्या आकड्याची असेल असं विचारून पाहिलं. बदल्यात पुरणपोळी. त्याने नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला.